कसेल त्याचा वाफा

आषाढ लागला की कृषी महाविद्यालयांतली शेवटच्या वर्षाची मुलं-मुली गावोगाव मुक्कामाला येतात. गाव त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतं. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा त्यांच्या पदवीचाच भाग असतो. बियाण्याला ट्रायकोडर्मा कसा चोळायचा, मातीचा नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क कसा करायचा, याची प्रात्यक्षिकं बांधावर करून दाखवायची, वहीत नोंदी ठेवायच्या आणि दिवाळीच्या आत परत जायचं. या धावपळीत गावच्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो. त्या दिवशी रोपं लावली जातात, भाषणं होतात, फोटो निघतो. रोपांचं पुढे काय झालं हे पाहायला कुणी उरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात यंदा आलेल्या कृषिकन्येने मात्र शाळेला सगळा पावसाळा दिला. शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथीची. पटावर चाळीस मुलं, बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांतली. नाव छापू नका, असं तिने मला आधीच बजावलं. ‘माझं नाव आलं की बाग माझी होईल. ती मुलांची आहे,’ असं तिचं म्हणणं. हा लेख त्या वाक्याबद्दलच आहे. शाळेची परसबाग कुणाची असते, यावरच ती टिकते की वाळते हे ठरतं, अशी या बागेजवळ बसून माझी खात्री झाली आहे.

हात पोचेल एवढाच वाफा

शाळेमागची जागा जेमतेम अर्ध्या गुंठ्याची. वर मुरूम, खाली मुरूम, त्यात जुन्या भिंतीचे दगड. गावातल्या तळ्याचा गाळ एका पालकाने बैलगाडीतून आणून टाकला. शेणखत मुलांनी घरून आणलं, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. मग वाफे कसे करायचे हा प्रश्न आला. या भागातला पाऊस सपाट वाफ्यात बी टिकू देत नाही. बी वाहून तरी जातं नाहीतर कुजतं. म्हणून गादीवाफे करायचे ठरले. पुस्तकात गादीवाफ्याची रुंदी साधारण एक मीटर सांगितलेली असते. ती मोठ्या माणसाच्या हाताला सोयीची. तिने पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलाला जमिनीवर उकिडवं बसवलं, हात पुढे करायला सांगितला आणि बोटं जिथे टेकली तिथे काडी रोवली. मग समोरच्या बाजूला त्याच्याएवढ्याच मुलीला बसवलं. दोघांची बोटं एकमेकांना लागतील एवढं अंतर पाऊण मीटर भरलं. तीच वाफ्याची रुंदी ठरली. लांबी तीन मीटर.

मला हे साधं माप फार मोलाचं वाटतं. वाफा मीटरभर रुंद असता तर मधली रोपं गुरुजींनी नाहीतर तिने खुरपली असती आणि लहान मुलं कडेला उभी राहून बघत बसली असती. हात पोचत नाही तिथे हक्कही पोचत नाही.

असे आठ वाफे झाले. एकेका वाफ्याला पाच मुलं, आणि पाचांत चारही वर्गांतलं किमान एक. चौथीतल्यांनी मोजायचं आणि लिहायचं, पहिलीतल्यांनी बी टाकायचं, पाणी कुणी किती घालायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. स्वतःसाठी तिने एक नियम घातला होता: मुलांनी बोलावल्याशिवाय खुरपं हातात घ्यायचं नाही. ‘सगळ्यांत अवघड तेच गेलं,’ ती म्हणाली. ‘मला दिसायचं की बी खोल पडतंय. तरी गप्प बसायचं.’

एका गटाने मेथीचा हट्ट धरला. संततधार पावसात मेथी टिकत नाही, मुळाशी कुजते, हे तिने सांगितलं होतं. मुलांना तरीही मेथीच हवी होती, कारण बाजारात ती महाग होती आणि घरी येत नव्हती. तिने बी दिलं. मेथी उगवली, बोटभर वाढली आणि आठवड्याच्या झडीत सगळा वाफा पिवळा पडून बसला. मुलं हिरमुसली. चौथीतल्या मुलीने गटाच्या वहीत लिहिलं: ‘मेथी मेली. पाणी जास्त. आता चवळी.’ या तीन वाक्यांत निरीक्षण आहे, कारण आहे आणि निर्णयही आहे. शास्त्राच्या प्रयोगवहीत याहून वेगळं काय असतं? तिच्या पिशवीत चवळीचं बी तयारच होतं. नुकसान होऊ द्यायचं, पण पुढच्या पेरणीची सोय हाताशी ठेवायची, एवढी काळजी मोठ्यांनी घेतली की पुरे.

उपटायची कोणती?

श्रावणात पहिली खुरपणी आली. तिने भेंडीचं रोप दाखवलं, माठाचं दाखवलं आणि बाकीचं सगळं तण म्हणून काढायला सांगितलं. मुलं कामाला लागली. थोड्या वेळाने पाहिलं तर दुसरीतल्या एका मुलीने उपटलेल्या पाल्याचे दोन ढीग केलेले. एक कुंपणाबाहेर टाकायचा, दुसरा ओट्यावर नीट जुडी बांधून ठेवलेला.

‘हे पण टाक ना,’ ती म्हणाली.

‘ही नाय टाकायची, ताई. ही कुर्डूची भाजी हाये. आय करती.’

कुर्डू पावसाळ्यात शेतात आपोआप उगवतो. कृषीच्या पुस्तकात त्याची नोंद तणांच्या यादीत असते, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या घरांत त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी असते. त्या दिवशी खुरपणी थांबली आणि शिकवणं उलट दिशेने सुरू झालं. मुलांनी तिला टाकळा दाखवला, भारंगीची पानं कशी ओळखायची ते सांगितलं, चाईचा मोहोर कुठल्या कड्याला मिळतो ते सांगितलं. ती सपाटीवरच्या बागायती गावात वाढलेली, ऊस आणि कांदा पाहिलेली. यातली निम्मी नावं तिने पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या दिवशी तिने एक वाफा मोकळा ठेवायला सांगितला. त्यात काहीही पेरायचं नाही, जे उगवेल त्यातलं खाण्याचं कोणतं ते मुलांनी ओळखायचं आणि घरी आजीला विचारून खात्री करायची. खात्री झाल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा नियम तिथे कडक होता.

या मुलांना आपण बहुतेक वेळा ‘मागे पडलेली’ म्हणून मोजतो. वाचनात मागे, गणितात मागे. पायाखालच्या वनस्पतींच्या ज्ञानात ती पदवीधरापेक्षा पुढे आहेत, हे कळायला शाळेत वाफा असावा लागतो. फळ्यापुढे बसून ते कुणाला कळलं नसतं, त्या मुलांनाही नाही.

बियाण्याचंही तसंच झालं. कृषी सेवा केंद्रातल्या संकरित भेंडीची पाकिटं तिने आणली होती. पण संकरित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं सारखी निपजत नाहीत. म्हणजे बाग दरवर्षी पाकिटावर अवलंबून. मग मुलांना घरून बी आणायला सांगितलं. कुणी डांगराच्या बिया आणल्या, कुणी काकडीच्या, आणि वाल तर निरनिराळ्या रंगांचे आले. पांढरे, तांबूस, काळ्या डोळ्याचे, गाडग्यात राखेत मुरवून ठेवलेले. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतलं असं गावरान बियाणं गोळा करून बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलांना त्या ठाऊक होत्या. आपल्या आजीच्या गाडग्यात तेच आहे, हे मात्र त्यांना बागेमुळे उमगलं.

एका वाफ्याची एक भाजी

आता हिशेब. शालेय पोषण आहार योजनेचं नाव २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असं झालं. तिच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. सहावी ते आठवीला भाजी ७५ ग्रॅम. चाळीस मुलांची रोजची भाजी झाली दोन किलो. पालेभाजीचं उत्पादन हेक्टरी सात-आठ टन धरलं, तर सव्वादोन चौरस मीटरच्या एका वाफ्यातून पावणेदोन किलोच्या आसपास पाला निघतो. तोही सगळं नीट जमून आलं तर, आणि महिनाभर वाट पाहिल्यावर. म्हणजे एका वाफ्याची काढणी एका दिवसाच्या भाजीलाही थोडी कमीच पडते.

हा हिशेब तिसरी-चौथीच्या मुलांनी फळ्यावर केला. परसबागेने पोषण आहाराचा भाजीचा खर्च वाचेल असं कागदावर लिहिणाऱ्यांनीही तो एकदा करून पाहावा. अर्ध्या गुंठ्याच्या बागेतून आठवड्याला एखाद-दोन दिवसांची भाजी निघते. बाकीची विकतच आणावी लागते आणि तिचे पैसे वेळेवर शाळेला मिळायलाच हवेत. बाग हा त्या निधीला पर्याय नाही.

मग बागेने ताटात नेमका काय फरक पडला? ते पाहायला मी मधल्या सुटीत बसलो. त्या दिवशी माठ कापला होता. स्वयंपाक करणाऱ्या मावशींची अडचण त्यांनी सुरुवातीलाच सांगितली होती: ‘चाळीस पोरांचा पाला एकटीनं निवडायचा म्हटलं तर भात कधी टाकू? निवडून, धुऊन द्याल तर करीन.’ मागणी रास्त होती. तेव्हापासून काढणीच्या दिवशी वाफ्याच्या गटातली मुलं परिपाठ झाला की ओट्यावर पाला घेऊन बसतात. माती झटकायची, किडका पाला वेगळा काढायचा, जून देठ मोडून टाकायचं, तीन पाण्यांतून धुवायचं. मावशी लसणाची फोडणी देऊन भाजी परततात, मीठ मुलांच्या बेताने.

पूर्वी आमटीतला पाला बोटाने बाजूला काढून ताटाच्या कडेला लावणारी मुलं होती, असं मावशी सांगतात. त्या दिवशी माठाच्या वाफ्याच्या गटातला पहिलीतला मुलगा वाढायला उभा होता. तो प्रत्येकाच्या ताटात भाजी घालताना तोंडाकडे बघत होता. जो खात नव्हता त्याला म्हणाला, ‘खा ना, आमच्या वाफ्याची हाये.’ आणि समोरच्याने खाल्ली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच बालकं पुढे पहिलीत येतात. एका वाटीभर माठाने तो बरा होत नाही, त्याला डॉक्टर, लोहाच्या गोळ्या आणि घरातलं पुरेसं अन्न लागतं. पण हिरवी भाजी आपलीशी वाटणं ही त्यातली एक पायरी आहे, आणि ती औषधाने चढता येत नाही.

‘खुरपायला नाही पाठवत’

सगळं सुरळीत नव्हतं. भाद्रपदात एक बाप शाळेत आला. तो आणि त्याची बायको हंगामात नारायणगावकडे मजुरीला जातात. तो म्हणाला, ‘आम्ही जन्मभर खुरपतो. पोराला शिकायला पाठवलंय, खुरपायला नाय.’

या वाक्याला पटकन उत्तर देऊ नये. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या, त्यांच्या डोळ्यांत शाळा म्हणजे खुरप्यातून सुटका. मुलांच्या हातून बाग फुलवून घ्यायची, स्पर्धेत नंबर काढायचा आणि बक्षीस घ्यायला मोठ्यांनी व्यासपीठावर जायचं, असं असेल तर त्या बापाचा राग शंभर टक्के बरोबर आहे. परसबागांच्या स्पर्धा आता तालुक्यापासून वरपर्यंत होतात. त्यांच्या परीक्षकांनी बागेच्या हिरवेपणाआधी मुलांच्या वह्या मागवाव्यात.

गुरुजींनी वाद घातला नाही. मुलाला बोलावून गटाची वही बापाला वाचून दाखवायला सांगितली. तिसरीतला मुलगा बोट ठेवून वाचत गेला: पेरणीची तारीख, किती बिया टाकल्या, किती उगवल्या, वालावर मावा पडला, मग ढालकिडे आले, ढालकिडे मावा खातात, म्हणून फवारणी केली नाही. फवारणी न करण्याचा निर्णय कुणाचा, असं बापाने विचारलं. ‘आमचा,’ मुलगा म्हणाला. ‘ताईनं विचारलं, थांबायचं का? आमी म्हणलं थांबू.’ मजूर आणि शेतकरी यांच्यात फरक असतो तो याच जागी. एक सांगितलेलं करतो, दुसरा काय करायचं ते ठरवतो. कुळकायद्याच्या काळात महाराष्ट्राने ‘कसेल त्याची जमीन’ हा न्याय मान्य केला. शाळेच्या बागेलाही तो लावला पाहिजे. जो कसेल त्याचा वाफा, आणि त्या वाफ्याचा निर्णयही त्याचाच.

फुल्यांची मागणी

अशी बाग ही कुणाची नवी कल्पना नव्हे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं अशी मागणी केली. खेड्यातल्या शाळेला जोडून एक लहानसं नमुना शेत असावं, तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवावं, नीट चालवलं तर त्यातून देशाचं मोठं हित होईल, असं त्यांनी मांडलं. ही कृषिकन्या ज्या विद्यापीठाच्या महाविद्यालयात शिकते त्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला फुल्यांचंच नाव आहे. त्या नावाचं ऋण फेडायला याहून चांगली जागा तिला मिळाली नसती.

फुल्यांनंतरही महाराष्ट्रात हा धागा तुटला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या वाटेने बहुजनांच्या मुलांना शिकवलं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ज्यात हाताचं काम हेच शिकण्याचं माध्यम होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारं मूल शाळेत येत नसेल तर शाळा कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि माध्यमिक शाळांत मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आणला. त्यात शेती आणि पशुपालन हा एक पूर्ण विभाग आहे. या सगळ्यांनी मुलाच्या हातावर विश्वास ठेवला.

सरकारी कागदही आज अनुकूल आहेत. २०१९ साली केंद्राने शालेय पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्यांत, डब्यांत, गच्चीवर लावा असं त्यांत सांगितलं आहे. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आहे, परिसर अभ्यास हा विषय आहे, शनिवारी दप्तराविना आनंददायी उपक्रमांसाठी वेळ आहे. हा वेळ खरोखर मातीत घालवण्याची मोकळीक शिक्षकाला कितपत मिळते, यावर सारं अडतं. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची, बैठकांना जायचं. या गावात कृषिकन्येने बागेपुरता शिक्षकांचा भार हलका केला. मग प्रत्येक कृषिदूताच्या आणि कृषिकन्येच्या कार्यानुभवात गावच्या प्राथमिक शाळेचा एक पूर्ण हंगाम का नसावा? विद्यापीठांकडे हात आहेत, शाळांकडे जागा आहे, आणि दोघांचा हंगामही एकच आहे.

सुटीतलं पाणी

शाळेच्या बागेचे दोन शत्रू ठरलेले: दिवाळीची सुटी आणि मे महिना. पावसाळी पेरणीची बाग ऐन भरात येते तेव्हा शाळेला कुलूप लागतं. परत येईस्तोवर भेंडी जून होते, वेल वाळतात, कुंपणाच्या फटीतून शेळ्या शिरतात. आणि मेमध्ये तर माणसांनाच पाणी लांबून आणावं लागतं.

याची तयारी मुलांनी कृषिकन्या जायच्या आधीच केली. हात धुण्याच्या जागेपासून एक चर खणला. चाळीस मुलांनी जेवणाआधी आणि नंतर हात धुतले, मुलामागे लिटरभर पाणी धरलं तरी रोज चाळीस लिटर अळू आणि केळीच्या मुळाशी जातं. सुटीत तेही बंद, म्हणून ज्यांची घरं शाळेजवळ आहेत त्यांच्या पाळ्या लावल्या. पाळी ज्याची, त्या दिवसाची भाजी त्याच्या घरी न्यायची. ही अट मुलांनीच घातली आणि त्यामुळे आयाही पाणी घालायला तयार झाल्या. उन्हाळ्यासाठी शेवगा आणि कढीपत्ता कुंपणालगत लावला आहे. एकदा मुळं धरली की ही झाडं कमी पाण्यावर तगतात. वाफे मेमध्ये पालापाचोळ्याखाली झाकून ठेवायचे आणि जूनमध्ये पुन्हा उघडायचे.

सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय वालाचा. घरून आणलेला गावरान वाल दिवस पुरेसे लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. पावसाळ्यात तो नुसता वाढत राहतो. शेंगा धरणार त्या कार्तिक-मार्गशीर्षात, आणि कृषिकन्येचा मुक्काम त्याआधीच संपतो. दोन महिन्यांत तयार होणारं पीक घेऊन काढणीचा फोटो अहवालात लावणं तिला सहज शक्य होतं. तिने मुद्दाम तीन वाफे वालाला दिले. प्रत्येक गटाने पहिल्या चांगल्या शेंगांना दोरा बांधायचा, त्या तोडायच्या नाहीत, वेलावर वाळू द्यायच्या आणि त्यांचं बी शाळेच्या गाडग्यात राखेत ठेवायचं, एवढं वहीत लिहून झालं आहे. पुढच्या जूनमध्ये पहिलीत नवी मुलं येतील. त्यांना बी कसं टाकायचं ते आता पहिलीत असलेली मुलं दाखवतील.

परसबाग उभारायला फार काही लागत नाही. अर्धा गुंठा, गाळ, शेणखत, घरचं बी, आणि पाला निवडून मिळाला तर भाजी करायला तयार असलेल्या मावशी. कठीण आहे ते मोठ्यांनी हात मागे घेणं. शिक्षक, सरपंच, संस्था, अधिकारी, आणि आमच्यासारखे लिहिणारे, सगळ्यांनाच बागेवर आपल्या नावाची पाटी हवी असते. आपल्या गावच्या शाळेत अशी बाग असेल तर एकदा जाऊन पाहा, आणि तिथल्या सगळ्यांत लहान मुलाला विचारा: या वाफ्यात पुढे काय लावायचं, ते कोण ठरवतं? त्याने ‘आम्ही’ म्हटलं तर शाळेला लागेल ती मदत करा. त्याने गुरुजींकडे बोट दाखवलं तर गुरुजींशी बोला, आणि त्या मुलाच्या हाती खुरप्याबरोबर वहीही द्या.